कडी बाहेरून होती

विलासच्या मनगटावर पाचवीपासून घड्याळ असे, पण ते पाहायचं काम दुसऱ्यांचं. उशिरा यायचा आणि हसत म्हणायचा, "टाइम कुठं गेला, मले समजलंच नाई." ऐकणारेही हसायचे. सेलूत त्याच्या वडिलांच्या केळीच्या बागा होत्या, आणि बागवाल्याच्या पोराचा उशीर लोकांना गोड लागतो. माझी आई बाजारात भाजी विकायची. तिला उशीर झाला तर मेथी सुकायची.

बी.एस्सी.च्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. विलास मला त्याच्या गाडीवर वर्ध्याला नेणार होता. "तू फक्त स्टँडवर उभा राह्यजो." राहिलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका टेम्पोत टमाट्यांच्या कॅरेटवर बसून निघालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा टमाट्यांवर बसून कॉलेजात गेला, आणि मला त्याचा अभिमान आहे. संध्याकाळी विलास घरी आला. वाक्य तेच. आईनं त्याला चहा दिला. मी दिला नसता.

अशा माणसानं मुलांसाठी कादंबरी लिहिली आणि तीही हरवलेल्या वेळेवर, याचं मला नवल वाटलं नाही. दुसरं त्याच्याजवळ होतं काय? छापलीही स्वतःच्याच पैशानं. दोन जिवलग मित्र केळी पिकवायच्या खोलीत शिरतात. दार आपोआप लागतं, बाहेरची कडीही बसते. एक अदृश्य हात ते उघडतो. दोघं बाहेर येतात तर अख्खी दुपार गायब. ती कुठे गेली ते शेवटपर्यंत कळत नाही, मैत्री मात्र घट्ट होते.

ती खोली मला ठाऊक आहे. मातीनं लिंपलेली, बिनखिडकीची. आत गोवऱ्यांचा धूर कोंडून केळीचे घड पिकवत. पाचवीत असताना विलासनं मला आत ढकललं आणि गंमत म्हणून बाहेरून कडी लावली. तेवढ्यात त्याच्या मामाची जीप आली, आणि हा तिच्यात बसून जत्रेला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला हे सांगितलं, जत्रेतली पिपाणी वाजवत. मी दार बडवलं, ओरडलो, मग धुरानं कधीतरी खाली पडलो. बाजारातून परतलेली आई शोधत आली तेव्हा दिवस मावळला होता. कडी तिनं काढली. माझी दुपार गायब झाली हे खरं आहे. विलासची झाली नव्हती. त्यानं ती आकाशपाळण्यात काढली.

मी आता सिंदी मेघेच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो. पुस्तक घेऊन विलास घरी आला.

"तुझ्या शाळेत कार्यक्रम ठेव. मी सांगीन, हा माझा दोस्त, कादंबरीतला. तू फक्त 'हो, असंच झालतं' म्हणजो."

"असं झालं नव्हतं."

"अबे, खरं सांगून पोराइले काय भेटते? दार लावलं न् निघून गेलो, यात कादंबरी कुठं आहे?"

"आणि आई कुठं आहे यात?"

"आहे ना बे. अदृश्य हात."

जुड्या बांधून बांधून त्या हाताला चिरा पडलेल्या असत, आणि त्यांत माती कायमची बसलेली. त्याच्याइतका दिसणारा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

मी नाही म्हटलं. त्यानं थेट मुख्याध्यापकांना गाठलं. पुस्तकं फुकट मिळणार म्हटल्यावर त्यांनी कार्यक्रम ठरवून टाकला.

विलास आला तोवर पोरं सतरंजीवर पेंगायला लागली होती. मंचावर चढताच त्याची वऱ्हाडी कुठल्या कुठे पळाली. "बालमित्रांनो, काळ ही एक गूढ नदी आहे." बराच वेळ त्या नदीत डुंबून झाल्यावर त्यानं माझ्याकडे बोट केलं. "हा माझा जिवलग साक्षीदार आहे. विचारा त्याला, ती दुपार हरवली की नाही."

सगळी पोरं वळली. कारणाशिवाय काही घडत नाही, हे मी त्यांना रोज फळ्यावर लिहून देतो आणि ती ते खरं धरतात. आज मी नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर उद्या खडू हातात घ्यायला मला तोंड राहिलं नसतं.

फुकट मिळालेलं पुस्तक वाचून आलेली सहावीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, दोघंही आत होते ना? मग बाहेरची कडी कोणी लावली? अन् उघडली कोणी?"

"काळानं, बेटा," विलास म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"आत मी एकटाच होतो," मी म्हणालो. "उघडली माझ्या आईनं. लावली कोणी, ते पाहुण्यांना विचार."

तिनं विचारलं.

विलासनं मनगट वर केलं आणि माझ्यादेखत आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ पाहिलं. "अरे, बराच वेळ झाला," असं म्हणत शाल सावरली आणि तो मंचावरून उतरला. त्यानंतर तो मला भेटलेला नाही. निघायची वेळ तेवढी त्याला बरोबर समजली.