काळ्या मुलखातला लाल उंबरा

शेळीचं दूध घालायला आईबरोबर मी सकाळच्या गाडीनं पेडगावहून परभणीच्या रेल्वे वसाहतीत जायची. तिथं किरिस्तावांचं एक इवलंसं चॅपेल होतं. त्याचा उंबरा लाल, भोकाभोकांचा, थेट अनरशासारखा. आमच्या काळ्या मुलखात असला दगड आला कुठून? विचारल्याशिवाय राहीन तर ती मी कसली!

सांगायला होते डायवरबाबा. जन्मभर इंजिन चालवून पेन्शनीत निघालेले, चॅपेलची किल्ली कमरेला. तो जांभ्या दगडाचा चिरा म्हणे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावचा. तिथलं मूळ चॅपेल आधी माडाच्या झावळ्यांचं होतं, दर पावसाळ्यात वारा ते उडवून न्यायचा. शेवटी बायकांनी डोक्यावरून चिरे वाहिले तेव्हा कुठं पक्क्या भिंती उभ्या राहिल्या. पुढं निजामाच्या रेल्वेत कामाला निघालेल्या पुरुषांनी तिथल्या पायरीचा एक चिरा सोबत घेतला आणि तो उंबऱ्याला बसवून इथलं चॅपेल बांधलं. बाबा सांगायला बसले की आईचं दूध नासायची पाळी यायची.

दर भाद्रपदात गावाकडून नव्या भाताची पहिली लोंबी गार्डांच्या हातोहात इथवर यायची. ती वेदीवर चढेपर्यंत वसाहतीत कुणी नवं धान्य तोंडात घालत नसे. आणि एके वर्षी गोव्याच्या गाड्याच बंद झाल्या. आम्ही रझाकारांच्या जाचातून सुटलो होतो, तिकडं पोर्तुगीज मात्र हटायला तयार नव्हते, म्हणून आपल्या सरकारनं हद्दच बंद केली होती. बाबांच्या वडलांपासून कधी न चुकलेला सण आता चुकणार होता. मला रडूच कोसळलं.

पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. मृगावर पेरलेली आमची बाजरी भरत आली होती. मीच बाबांना म्हटलं, भात नसला तर नसू दे, आमचं कणीस न्या. बाबा हो म्हणाले. मी घरी आले ती हवेतच.

सणाच्या सकाळी बाबा काळा कोट घालून आमच्या रानात हजर. दादा, म्हणजे माझे वडील, बांधावर उभे होते. मी उड्या मारत होते आणि दादांनी हात जोडले.

"बाबा, लागतील तेवढी न्या. पर पयलं कणीस मारुतीचं हाय. ते न्हाई देता येत."

बाबांनी मान डोलावली. त्यांच्या देवालाही पहिलंच लागत होतं, दुसरं चालत नव्हतं. दोघंही भले आणि दोघंही हट्टी. दोघांचाही मला असा राग आला! बाबा कणसाला हात न लावताच माघारी वळले.

तेवढ्यात आई विळा घेऊन बाजरीत शिरली. शेजारशेजारची दोन कणसं तिनं एका मुठीत धरली आणि एकाच घावात कापली.

"आता सांगा," ती म्हणाली, "ह्यातलं पयलं कोनचं?"

दादांना हसू आवरेना. एक कणीस मारुतीला गेलं, दुसरं घेऊन मी बाबांच्या पुढं पुढं स्टेशनाकडं पळत सुटले. त्या दिवशी आमची बाजरी वेदीवर होती आणि मी लाल उंबऱ्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, आमची हाय, आमची.

पुढं माझं लग्न झालं, गोवाही सुटला. त्यानंतरच्या भाद्रपदात मी माहेरी असताना डायवरबाबा काठी टेकत पेडगावला आले. रुमालातली भाताची लोंबी त्यांनी आईच्या हातावर ठेवली.

"मारुतीला वाहा," ते म्हणाले. "गावाला निरोप धाडला होता. दोन लोंब्या एकाच घावात कापा म्हणून."