देवीच्या शेजारचं लेणं

लग्नानंतर मी दरवर्षी कार्ल्याच्या डोंगरावर गेले आहे. एकदा बाळंतपण होतं आणि एकदा सगळ्या देशालाच कुलूप लागलं होतं, ती दोन वर्षं सोडली तर एकही खाडा नाही. तिथे आमची कुलदेवी एकवीरा आहे. देवळाला अगदी लागून ते मोठं लेणं आहे, जे बघायला परदेशातून माणसं येतात. आमच्या काशीगावच्या घरातलं एकही माणूस त्या लेण्यात कधी गेलं नव्हतं. कोणी मनाई केली होती असं नाही. दर्शन झालं की सगळ्यांचे पाय पायऱ्यांकडे वळायचे, कारण खाली मटण शिजत असायचं.

हे उघडकीला आलं ते नातीमुळे. ती घरं आखायचं शिकते, आर्किटेक्चरच्या कॉलेजात. वर्गात कार्ल्याचं नाव निघालं तेव्हा ही मोठ्या ऐटीत म्हणाली, आम्ही दरवर्षी जातो. बाईंनी विचारलं, मग सांग, आतले खांब कसे आहेत? हिनं ते कधी पाहिलेच नव्हते. बाई म्हणाल्या, आता तूच त्या खांबांची चित्रं काढून आण, मोजमापांसकट, आणि सोमवारी सगळ्यांसमोर मांड. एका विषयात ती आधीच नापास होती. यातही गेली असती तर वर्ष गेलं असतं.

आमचं रविवारी जायचं ठरलेलंच होतं. मुलगा म्हणाला, "त्यात काय, देवीला जातोच आहोत, तिथेच काढ." यात काही अडेल असं घरात कोणाला वाटलं नाही. मलाही नाही.

पहाटे निघायचं ते साडेआठ वाजले, कारण माझ्या धाकट्या दिराला ओटीचा नारळ पसंत पडेना. धाकटा म्हणजे सत्तरीचा. वरसाव्याला पुलाच्या तोंडाशी गाडी अडकली ती तासभर हललीच नाही, आणि पुढे घाटातही तेच. दीर गाणी म्हणत होता, मुलगा हॉर्न वाजवत होता, आणि नात मांडीवर कोरे कागद घेऊन बसली होती. सुनेनं तिला दोनदा डबा दिला. तिनं दोनदा परत केला.

डोंगरावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. देवीची रांग पायऱ्यांपर्यंत आली होती. रांगेतून लेण्याचं दार दिसत होतं, दगड मारला तर लागेल इतकं जवळ. पण आमच्यात रीत आहे की वर गेल्यावर आधी देवी, तोवर दुसरीकडे पाय वळवायचा नाही. ही रीत माझ्या सासऱ्यांची, आणि आता तिचा राखणदार म्हणजे दीर.

"आजोबा, मी पटकन जाऊन येते ना. तिकीट काढलंय मी," नात म्हणाली.

"आधी आई. मंग तुजं लेणं."

"तोपर्यंत बंद होईल ते."

"दोन हजार वर्सं उभं हाय. आज कुठं पलून जातंय?"

पुढचे मागचे हसले. नातीच्या डोळ्यांत पाणी आलं. रडणारी माणसं मला आवडत नाहीत, पण ही सहज रडणारी नाही. मी लेण्याच्या दारावरच्या शिपायाला हाक मारून विचारलं, किती वेळ आहे. तो म्हणाला, तासाभरात बंद करणार. मी रांगेकडे बघितलं. दर्शन होईपर्यंत तो तास सहज सरला असता.

आमच्याकडे ओटी घरातल्या थोरल्या बाईनं भरायची. सासूबाई गेल्यापासून मीच भरते. मी ताट सुनेच्या हातात दिलं.

ती म्हणाली, "मी? तुमच्या हातानं लागते ना ओटी."

"तुझे हात काय भाड्याचे आहेत? नारळाची शेंडी देवीकडे कर. मागच्या बाईनं ढकललं तर तूही ढकल."

दीर म्हणाला, "वैनी, ही आपली रीत न्हाय."

"देवीला राग आला तर मला बोलेल. तुला कशाला बोलेल?" मी म्हटलं, नातीचा दंड धरला आणि रांगेबाहेर पडले.

लेणं म्हणजे डोंगरातलं अंधारं भोक असेल, अशी माझी समजूत होती. आत गेले आणि मान वर करून उभीच राहिले. छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. उत्तनला होडी बांधतात तेव्हा तिच्या पोटात दिसतात तशा, फक्त होडी पालथी घातलेली. दोन्ही बाजूंना खांबांची रांग आणि वर हत्तींवर बसलेली जोडपी.

नातीनं पिशवी उपसली. कागद होते, पेन्सिली होत्या, मोजायची टेप खाली गाडीत राहिली होती. ती मटकन खाली बसली.

"ऊठ," मी म्हटलं. "तू चित्रं काढ. मी मोजते."

मिठागरात कामाला असताना आम्ही बांध किती घातला ते पावलांनीच मोजायचो. टाच आणि अंगठा जुळवत जायचं. मी भिंतीकडून सुरुवात केली.

शिपाई धावत आला. "मावशी, खांबाला हात लावू नका."

"हात कुठे लावलाय? पायानं मोजतेय."

तो दाराकडे परत गेला. मी आकडा सांगायचे, ती लिहून घ्यायची. एका ठिकाणी म्हणाली, "आजी, चुकलीस. सगळी अंतरं सारखीच असणार."

"इथे अर्धं पाऊल कमी आहे."

तिनं येऊन बघितलं. कमी होतं. मग ती माझ्याशी वाद घालायची थांबली. एका खांबावर कोरलेली अक्षरं तिनं मला दाखवली. हा खांब सोपाऱ्याच्या माणसानं दिलाय, असं त्यात लिहिलंय, पुस्तकात वाचलंय म्हणाली. सोपारं म्हणजे आमच्या खाडीपलीकडचं. तो बिचारा इतक्या लांबून येऊन खांब देऊन गेला, आणि आम्ही गाडीनं येऊन दारावरून परत जात होतो.

शिट्टी वाजली तेव्हा शेवटचा खांब राहिला होता. शिपाई म्हणाला, "चला, झालं." तेवढ्यात दारात दीर दिसला, कपाळभर कुंकू लावलेला. मागे सून होती, ताट रिकामं, केस विस्कटलेले. तिनं कोणाला तरी चांगलंच ढकललेलं दिसत होतं.

"आईनं इचारलं, थोरली कुठं हाय," दीर मला म्हणाला.

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, शेजारी गेलीय."

त्यानं आत नजर टाकली, नातीचा अर्धा कागद बघितला आणि चपला काढून सरळ चालत शेवटपर्यंत गेला. तिथे दगडाचा मोठा स्तूप आहे. त्याला त्यानं प्रदक्षिणा घालायला सुरुवात केली.

"काका, बंद झालं," शिपाई ओरडला.

"पाच झाल्याबिगर न्हाय निघत आमी."

आमच्यात असं काही नाही. पहिल्या दोन फेऱ्या तो भराभर फिरला. मग शेवटचा खांब काढत बसलेल्या नातीच्या मागून जाताना तो कागदावर वाकला. चौथ्या फेरीला तो गुडघा धरून चालायला लागला. सकाळपासून त्या गुडघ्याची काही तक्रार नव्हती. पाचवी इतकी हळू झाली की शिपाई भिंतीला टेकून उभा राहिला.

नातीनं पेन्सिल ठेवली आणि मान हलवली. तेव्हा दीर सरळ झाला आणि शिपायाला म्हणाला, "झाल्या. कर बंद."