रंगूनला मोजलेला मुलगा

एकेचाळीस सालच्या खानेसुमारीत नंदुरबारच्या आमच्याच भागातली घरं माझ्या वाट्याला आली. मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की दौत, टाक आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीत घालून दारोदार फिरायचो. घरातली माणसं मोजून माणशी एक चिठ्ठी भरायची. लढाई सुरू असल्यामुळे लोक बिचकलेले होते. सरकार तरण्या पोरांना पलटणीत नेणार, अशी आवई उठली होती. कोणी मुलगा मामाकडे गेल्याचं सांगे आणि तो मागच्या पडवीत खोकताना मला ऐकू येई.

रंगरेजांच्या गल्लीत चाचींचं घर होतं. आमचं घर पलीकडच्या आळीत, आम्ही शेतकरी. पण चाचींचा मुलगा आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलो होतो, त्यामुळे त्या घरात मला कधी दार वाजवावं लागलं नाही. चाचा पागोटी रंगवायचे. गिरणीचं रंगीत कापड बाजारात आलं, पागोटी कमी झाली, आणि चाचाही वारले. मग मुलगा रंगूनला मामाच्या कापडाच्या दुकानात गेला. मामा सुरतेकडचे, तिथे बरीच वर्षं होते. मुलाला गाडीत बसवायला मीच गेलो होतो. पुढे त्याने तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. ते पत्र चाचींना मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते माझ्या हातून घेऊन गादीखाली सारलं. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा मात्र त्यांनी गल्लीत गूळ वाटला.

मी चिठ्ठ्या काढून ओट्यावर बसलो. चाची घरात हिंदुस्तानी बोलत, आमच्याशी अहिराणी.

"चाची, घरमा कितला जन शेतस?"

"दोन. मी आनि मन्हा पोऱ्या."

"तो ते रंगूनले शे."

"मंग? रंगूनले शे म्हनीसन मन्हा नही का?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला. जो जिथे राहतो तिथेच त्याला मोजायचं. ब्रह्मदेशातही याच सुमाराला मोजणी चालू होती. "तठला लोक तेले मोजतीन," मी म्हटलं.

"तठे तेले कोन वळखस?"

"वळखानं काम नही, चाची. जलम कोठे व्हयना ते इचारतस."

"मंग तो नंदुरबार सांगी ना?"

"सांगी."

हे ऐकून त्या थोड्या शांत झाल्या. मीही त्यात आणखी काही घातलं नाही. खरं तर तो गेला तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थानातच होता. मधल्या काळात सरकारने तो वेगळा केला आणि चाचींचा मुलगा दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या परदेशात गेला. हे मला शाळेच्या नव्या नकाशावरून कळलं होतं. चाचींना ते सांगून काय करायचं होतं?

त्या वर्षी बायकांना एक प्रश्न विचारायचा होता. मुलं किती झाली आणि त्यांतली हयात किती? हा प्रश्न घेऊन फिरताना मला फार जड जायचं. गल्लीगल्लीतल्या बाया बोटांवर मोजायच्या आणि मध्येच थांबायच्या. चाची थांबल्या नाहीत.

"चार. तीन कब्रस्तानमा. एक रंगूनले."

मी लिहिलं, चार, हयात एक. काय लिहिलं ते त्यांनी मला वाचायला लावलं.

"म्हंजे उना ना तो कागदवर?" त्यांनी विचारलं.

आला, मी म्हटलं. त्या उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला. नंतर त्यांनी माझ्याकडून मुलाला कार्ड लिहून घेतलं. मोजायला माणूस आला तर मामासारखं सुरत सांगू नको, नंदुरबार सांग. बायकोला आणि पोरीलाही हे नाव पाठ करून ठेव.

त्याचं उत्तर आलं, नेहमीसारखं हसतखेळत. मोजणारा येऊन गेला, मी गावाचं नाव मोठ्याने सांगितलं, त्याला ते लिहिता येईना, मग अक्षरं फोडून सांगितली. अम्मा, पोरगी आता दिवसभर नंदुरबार नंदुरबार करत फिरते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात जपान्यांनी रंगूनवर बाँब टाकले. बाजारात एका पेढीवर रेडिओ होता. मी शाळा सुटली की तिथे जाऊन उभा राही आणि मग चाचींकडे जाई.  मी ओट्यावर बसलो की त्या माझ्या तोंडाकडे बघत आणि पुन्हा तांदूळ निवडू लागत. पत्रं बंद झाली होती. रंगून पडल्याचं मी त्यांना सांगितलं नाही, पण गल्लीतल्या दुसऱ्या कोणीतरी सांगितलं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात एका दुपारी चाचींकडून निरोप आला. मी गेलो. टांगेवाला अजून दारातच उभा होता. ओट्यावर एक तरुण बाई बसली होती. अंगावर कोणीतरी दिलेली, तिला नीट नेसता न आलेली साडी, केस कापलेले, पाय सुजून फुटलेले. मांडीवर मुलगी झोपली होती. भुसावळकडून आलेल्या गाडीतून उतरून ती स्टेशनाबाहेर "रंगरेज गली" एवढंच म्हणत उभी राहिली, आणि टांगेवाल्याने तिला आणून सोडलं.

ती तुटक हिंदुस्तानी बोलत होती. "हम सब पैदल आया. बहुत लोग. पहाड में उसको हैजा हुआ."

चाची तिच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या.

"वो बोला, तुम रुको मत. बच्ची को लेके जाओ. नंदुरबार में अम्मा है."

"मट्टी दी उसको?" चाचींनी विचारलं.

सुनेने हातांनी खुणा करत सांगितलं. मागून माणसांचा लोंढा येत होता, खणायला काही नव्हतं. तिने आणि दुसऱ्या एका बाईने त्याच्यावर पाला घातला, दगड ठेवले.

चाची उठल्या. त्यांनी चुलीवर पाणी तापवलं, भाकरी दुधात कुस्करली, मुलीला जागं करून भरवली. मग परातीत पाणी घेऊन सुनेचे पाय धुवायला बसल्या. सून पाय ओढून घेऊ लागली, त्यांनी ते घट्ट धरून ठेवले. त्या पायांकडे बघता बघताच त्यांना रडू फुटलं. मी बाहेर आलो. टांगेवाल्याला भाडं देऊ लागलो तर त्याने हात जोडले आणि घोडा वळवला.

त्यानंतर काही वर्षं त्या तिघी एकत्र राहिल्या. सुनेला बोटांची कला होती, ती बिड्या वळायला लागली आणि गल्लीतल्या कोणाहीपेक्षा सफाईने वळायची. नव्या माणसाबद्दल लोक बोलतात तसे तिच्याबद्दलही बोलले. चाचींनी एकदा विहिरीवर सगळ्यांना ऐकवलं, "मन्हा पोऱ्याले शेवटलं पानी तिनी पाजं. तुम्ही कोन व्हतात तठे?" पुन्हा कोणी बोललं नाही. मुलगी माझ्या शाळेच्या अंगणात खेळायची. वर्षभरात ती अशी अहिराणी बोलू लागली की ऐकणाऱ्याला ती बाहेरची वाटूच नये. आईशी मात्र ती ब्रह्मी बोले, आणि तेव्हा चाची काम थांबवून ऐकत बसत.

रंगूनच्या त्या मोजणीचे कागद लढाईच्या धामधुमीत नष्ट झाल्याचं मला बऱ्याच वर्षांनी एका अधिकाऱ्याच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा हे सांगायला चाची उरल्या नव्हत्या. असत्या तरी मी सांगितलं नसतं.

लढाई संपल्यावर सुरतेच्या नातेवाइकांकडून निरोप आला. सुनेचे वडील रंगूनमध्ये जिवंत होते, अंथरुणाला खिळलेले, आणि लेकीला शोधत होते. सून आठवडाभर बिड्या वळत राहिली. शेवटी तिने चाचींच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला जायचं होतं.

नात्यातली माणसं जमली. तिला जाऊ द्या, पण पोरगी आपल्या रक्ताची, ती ठेवून घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मीही तिथे होतो. माझ्याही मनात तेच होतं.

चाची म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या दूर गया तवय मन्हं काय व्हयनं ते मालेच मालूम. ते तिन्हा नशिबले नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, तू तिन्हा कागद करी दे."

मी परवान्याचे कागद भरून दिले. स्टेशनावर चाचींनी नातीला डबाभर शेव-लाडू दिले, तिच्या वेण्या पुन्हा घातल्या. गाडी हलली तेव्हा मुलगी खिडकीतून ओरडली, "दादीऽ, मी परत येसू!" चाची हात हलवत राहिल्या. घरी येताना वाटेत दोनदा बसल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. मी कब्रस्तानापर्यंत गेलो. सुरतेच्या पत्त्यावरून रंगूनला कळवलं, त्याचं उत्तर आलं नाही. घर नातेवाइकांनी विकलं. ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिची अहिराणी टिकली असेल का, आणि टिकली असली तर तिथे ती कोणाशी बोलत असेल, हे मात्र माझ्या मनात वरचेवर येतं.