हिरामणभाऊंचा सत्तेचाळीस नंबर

आमच्या पांढुर्ण्याच्या कॉलनीतल्या गृहनिर्माण समितीचे सभासद एकतीस. पण १९८४ च्या निवडणुकीत पेटीतून चिठ्ठ्या निघाल्या चौतीस! वर्षभर त्यावरून भांडणं झाली. पुढच्या वर्षी मात्र सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की निवडणूक हिरामणभाऊच घेतील.

हिरामणभाऊंनी तिगावजवळच्या रेल्वे फाटकावर बत्तीस वर्षं काढली होती. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तर फोन करायचा, हिरामणभाऊ फाटक लावायचे आणि कागदावरचा एक नंबर वाचून सांगायचे. तो 'प्रायव्हेट नंबर'. तो मिळाला म्हणजे फाटक खरंच बंद आहे असं समजायचं. दिलेला नंबर लगेच खोडायचा. इतक्या वर्षांत आपला एकही नंबर चुकला नाही, हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

अध्यक्षपदाला दोघं उभे होते, प्रभाकर आणि नत्थूजी. नत्थूजी म्हणजे हिरामणभाऊंचे शेजारी आणि जिवाभावाचे मित्र. हिरामणभाऊंनी प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात फाटकावरच्यासारखाच, क्रम नसलेला एक नंबर टाकला आणि वहीत सभासदाच्या नावापुढे तोच नंबर लिहिला.

"आता टाका म्हना जास्तीची चिठ्ठी!" ते खुशीत म्हणाले.

चिठ्ठ्या बरोबर एकतीस निघाल्या. त्यांनी एकेक चिठ्ठी वहीशी ताडून पाहिली. प्रभाकर सोळा, नत्थूजी पंधरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात माझ्या शाळेतल्या प्रेमलताबाई म्हणाल्या, "भाऊ, वहीत नाव अन् चिठ्ठीवर नंबर. मंग कोनं कोनाले मत देलं, हे तुमाले समजलंच की!"

टाळ्या थांबल्या. मला तर घामच फुटला, कारण मी दोन्ही उमेदवारांना शब्द देऊन बसलो होतो. हिरामणभाऊ एकदा वहीकडे पाहत, एकदा आमच्याकडे.

"पन माझं चुकलं काय? नंबर तं सारे जमले!"

काय चुकलं ते आम्हालाही धड सांगता येईना. चिठ्ठी घेताना एकानंही हरकत घेतली नव्हती, मग रागवायचं कोणावर? शेवटी सगळ्यांसमोर वही आणि चिठ्ठ्या जाळल्या. पण हिरामणभाऊंच्या डोक्यातले नंबर कसे जाळणार?

चार दिवसांनी ते माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"नत्थू रोज संध्याकाळी विचारून राहिला, मले धरून सोळा मतं पक्की होती, फुटला तो कोन? सत्तेचाळीस नंबर वामनचा होता. त्याचा सख्खा भाऊ. खरं सांगू तं एका चुलीवर जेवनारे दोघं भाऊ तुटते. नाही सांगू तं तो कॉलनीतल्या साऱ्याईवर संशय घेते. काय करू, गुरुजी?"

मी गुरुजी खरा, पण मत गुप्त असतं एवढंच मी पुस्तकातून शिकवत आलो होतो. मी सरळ म्हणालो, "मलाच समजून नाही राहिलं, भाऊ."

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. नत्थूजी होते, वामनही होता. वामन खाली मान घालून सुपारी कातरत होता. नत्थूजींनी पुन्हा तोच प्रश्न काढला.

"तुले माहीत हाय, हिरामण. सांगून दे एकदाचं. कोन होता?"

वामनचा अडकित्ता थांबला.

हिरामणभाऊंनी डोळे मिटले आणि फाटकावर फोनवर सांगत असतील तशा आवाजात म्हणाले, "नंबर सत्तेचाळीस. माझा."

मला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकतो आहोत.  नत्थूजी उठले, चपला घातल्या आणि "चाल रे वामन" म्हणून निघून गेले. वामन मागे वळून पाहत पाहत गेला.

त्यानंतर नत्थूजी त्या ओट्यावर कधी आले नाहीत. त्यांनी नंबरावर विश्वास ठेवला होता. हिरामणभाऊंचा नंबर चुकत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?