चिखलातला करकोचा

खिंडीच्या अलीकडे चढ उभा झाला, तसा वस्ताद मुशेंग यांचा डावा पाय मागे राहू लागला. बीयुननं भेट द्यायची जुन्या व्हिनेगरची बरणी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"वस्ताद, बसनं आलो असतो तर एव्हाना पोचून चहा झाला असता."

"बसनं गेलं की माणूस पाहुणा होतो. मी काही पाहुणा म्हणून चाललेलो नाही."

दुसऱ्या दिवशी विद्येच्या मूळगुरूंचा उत्सव, त्याचं आमंत्रण द्यायला आपण वस्तादांच्या गुरुबंधूंकडे, जिनश्वैकाकांकडे निघालोय, एवढंच बीयुनला ठाऊक होतं. वाटेतल्या कुआनयिन देवीच्या घुमटीपाशी तिनं हात जोडले. वस्ताद एरवी तिथं थांबायचे. आज मान खाली घालून पुढे गेले.

मुशेंग म्हणजे संत्र्यांच्या बागेत राबणारा साधा माणूस. संध्याकाळी हातपाय धुऊन भावकीच्या देवळापुढच्या फरशीवर पोरांना पांढऱ्या करकोच्याची लढण्याची विद्या शिकवायचे. कुणाचं हाड निखळलं तर बसवून लेप लावायचे. त्याबद्दल कुणी अंडी आणून देई, कुणी नुसताच आशीर्वाद. बीयुनही लहानपणी मनगट मुरगळलं म्हणून आली आणि तिथंच रमली. पोरीला तालमीत घेऊ नका म्हणून भावकीनं गिल्ला केला, तेव्हा बदकं विकणारी तिची आई कंबरेवर हात ठेवून अंगणात उभी राहिली होती. "ज्या बाईनं ही विद्या काढली तिच्या तसबिरीला उदबत्ती लावता, आणि माझ्या पोरीला उंबऱ्याबाहेर ठेवता होय?" वस्ताद हसले आणि त्यांनी बीयुनला रांगेत उभं केलं.

त्या रांगेत तिसऱ्या पाठातलं एक पाऊल सगळ्यांत अवघड. डावा पाय अर्धा उचलायचा, जरा घासत न्यायचा आणि झटकून टेकवायचा. पोरं त्याला 'चिखलातला करकोचा' म्हणत. चिखलात रुतलेला पक्षी पाय कसा सोडवतो, त्याचं हे गुपित, असं थोरले शिष्य धाकट्यांना सांगत. परगावचे वस्ताद बघायला येत आणि माना डोलवत.

मग मलायात रबराच्या मळ्यावर अर्धी हयात काढून वस्तादांचे धाकटे गुरुबंधू जिनश्वै परत आले. उत्सवात त्यांनी तोच पाठ करून दाखवला, तर त्यांचं पाऊल सरळ, खोल, कुठं घासणं नाही की झटकणं नाही. पोरांत खसखस पिकली. "काका, परदेशातला चिखल सुकलेला असतो का?" एकानं विचारलं. बीयुनही तोंडावर हात धरून हसली होती. जिनश्वैंनी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद मूग गिळून चहा ओतत राहिले. जिनश्वैंनी आपला पेला पालथा घातला, ते उठले आणि गेले. पुन्हा त्या अंगणात त्यांनी पाय ठेवला नाही. उदबत्ती लावताना गुरुबंधूंची नावं घेतात, त्यातून त्यांचं नावही हळूहळू गळालं.

खिंडीत वारा लागला तेव्हा वस्ताद दगडावर टेकले.

"बीयुन, तो चिखल-बिखल काही नाही गं. मी बागेत बांधावरून पडलो होतो. खुब्यात कळ यायची, पाय उचलेना. वाटलं, बरं होईल. तोवर त्या वेळच्या पोरांनी तसंच उचललं."

बीयुनला आधी हसूच येणार होतं. मग त्यांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. "मग सांगितलं का नाहीत?"

"लोक वाहवा करायला लागले होते." ते मांडी चोळत म्हणाले. "गोड वाटलं मला. तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावत होतो, आणि रोज तिच्यासमोर खोटं पाऊल टाकत होतो."

जिनश्वै दारातच शेंगा सोलत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "आला का लंगडा करकोचा? ये. व्हिनेगर आणलंस? म्हणजे भांडण मुरवायचा बेत दिसतो."

"तुला माहीत होतं?" वस्तादांचा आवाज चिरकला.

"दादा, त्या दिवशी बांधावरून तुला पाठीवर घालून कुणी आणलं? मलायाला निघायच्या आदल्या महिन्यात?"

"मग उत्सवात बोलला का नाहीस?"

"तुझ्या शिष्यांसमोर? तुमचा वस्ताद लंगडा आहे म्हणून ओरडू?" जिनश्वैंनी सालं झटकली. "ते तुझं तू बोलायचंस. मी वाट बघत होतो."

वस्ताद गुडघ्यावर बसायला गेले. पाय वळेना. जिनश्वैंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं. "माझ्यापुढं नको. चूक जिथं झाली तिथं. आणि मी येणार नाही. मी आलो की तू पुन्हा मला चहा ओतत बसशील."

तरी त्यांनी दोघांना शेवया खाऊ घातल्या. बीयुनला अंगणात उभं करून ते सरळ पाऊल तिच्याकडून करवून घेतलं. तिचा पाय सवयीनं घासायचा आणि ते ओरडायचे, "पुन्हा! चिखल कुठाय इथं? कोरडं अंगण आहे!" वस्ताद भिंतीला टेकून बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. आपल्या त्या हसण्याबद्दल जिनश्वैकाकांची माफी मागावी असं तिला फार वाटत होतं. शेवटी निघताना तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा ते नुसते "हं" म्हणाले.

परतीच्या उतारावर वस्तादांनी बीयुनच्या खांद्यावर हात टेकला.

"मी उद्या बोलेन म्हणतोय खरा," ते म्हणाले, "पण मी मला ओळखतो. पोरं रांगेत उभी राहिली, पाहुण्यांनी माना डोलवल्या, की जीभ टाळ्याला चिकटते."

"असं नका म्हणू वस्ताद."

"ऐक पोरी. उद्या मी तिसरा पाठ सुरू करीन. त्या पावलाशी आलो की तू रांगेतून पुढं ये आणि सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हण, वस्ताद, हे चुकलं."

"शिष्यानं गुरूला? तसबिरीपुढे? लोक मला हाकलून देतील!"

"देतील. मी तेव्हा गप्प बसलो तर नक्कीच देतील." ते थांबले आणि तिच्याकडे वळले. "म्हणून तर तुला सांगतोय. तुला हाकललेलं मला बघवणार नाही, मला बोलावंच लागेल. मला गप्प बसू देऊ नकोस. करशील एवढं?"