देठ नसलेली अकरा पानं

गल्लीत त्यांना पानशास्त्री म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठ फिरली की खो खो हसत. पोस्टात कारकून असल्यापासून हा गृहस्थ पानांविषयीच्या शास्त्रीय शब्दांचा कोश लिहीत होता. दंतुर म्हणजे दातेरी कडेचं, लोमश म्हणजे अंगावर लव असलेलं, अवृंत म्हणजे देठच नसलेलं. दूधवाल्याचीही सुटका नव्हती. "कुंठाग्र म्हणजे काय, सांग बघू!" असं दरडावल्यावर तो बिचारा डोकं खाजवू लागला, की शास्त्रीबुवांचा दिवस मजेत जायचा. बोथट टोकाच्या पानाला कुंठाग्र म्हणतात, एवढंच ते होतं.

बायको मात्र त्यांना पुरती ओळखून होती. दारातल्या कुंडीला या माणसाने जन्मात कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, आणि गप्पा पानांच्या! पानं आणायची तिने, रद्दीत घालून गादीखाली दाबायची तिने, रोज कागद बदलून ती वहीत चिकटवायचीही तिनेच. ह्यांनी चष्मा लावायचा आणि पानापुढे भारदस्त शब्द लिहायचा. ती काही बोलायला गेली की ठरलेलं उत्तर, "यातलं तुला काय कळतंय?"

रविवारी महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई कोश तपासायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला की प्रकाशक छापायला तयार होता. आदल्या दिवशी शास्त्रीबुवा खुर्चीत रेलून मोठ्याने वाचत होते. "अवृंत. उदाहरणं अकरा, पाहा वही पहिली."

भाजी निवडता निवडता तिचा हात थांबला. ती पहिली वही लहान होती. तेव्हा ह्यांनीच फर्मावलं होतं, "देठ छाटून टाक, चौकटीबाहेर लोंबतात, घाण दिसतं." तिने नखं कापायच्या कात्रीने छाटले होते. पुढे मोठ्या वह्या आल्या आणि देठ राहू लागले. आणि ह्या विद्वानाने वही उघडून, देठ दिसत नाहीत म्हणून त्या साऱ्या झाडांना बिनदेठाचं करून टाकलं होतं! त्यांत दारातल्या कुंडीतलं झाडही होतं.

"अहो, त्या पानांचे देठ ना..."

"मध्ये बोलू नकोस! यातलं तुला काय कळतंय?"

तिने पुन्हा भाजी निवडायला घेतली. खरं तर कीव यायला हवी होती. आली नाही.

रविवारी बाईंनी सगळा कोश शांतपणे चाळला. अवृंतापाशी थांबल्या. पहिली वही उघडून पाहिली, ती घेऊन दारापाशी गेल्या आणि कुंडीतलं पान वहीतल्या पानाशेजारी धरलं.

"ह्याला तर बोटभर देठ आहे," त्या म्हणाल्या. मग वहीतली पानं त्यांनी भिंगाखाली धरली. "सगळीकडे कात्री लागलीय. एवढी वर्षं तुम्ही झाडाकडे एकदाही पाहिलं नाहीत? हा कोश छापा, असं मी नाही सांगू शकत."

शास्त्रीबुवांचं तोंड पांढरंफटक पडलं. ते बायकोवर खेकसले, "देठ तू कापलेस?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मग मला आधी बोलली का नाहीस?"

तिने चहाचे कप उचलले.

"यातलं मला काय कळतंय?"