वसंताचा क्रूस परत पाठवताना

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिवणीच्या लाकडाचा तुकडा घासत बसलो होतो. पलीकडे त्याची बायको, शालनवहिनी. "भावजी, तुमचा दोस्त गेला वो..." एवढंच म्हणाल्या. इंदापूरहून पणदऱ्याला जाताना एसटीत मी इतका रडलो की शेजारच्या अनोळखी माणसानं पाण्याची बाटली पुढे केली. याला आता सहा आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी मला "दोन चांगले शब्द लिहा" असं सांगितलंय. लिहितो. पण चांगल्या शब्दांच्या मागोमाग दुसरेही येतील, ते मला थोपवता येणार नाहीत.

आमच्या भागात कडबाकुट्टीत हात जाणं एके काळी नवलाचं नव्हतं. यंत्रात वैरण सारताना नजर चुकली की पंजा गेला. मी हायस्कूलात चित्रकलेचा मास्तर असताना युरोपातल्या एका चिमुकल्या देशातून पीटरसाहेब बारामतीला आले आणि त्यांनी लाकूड-चामड्याचे कृत्रिम हात बनवायचं केंद्र काढलं. देश केवढा, तर बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके जोडले की त्यात तो बसेल आणि वर एखादा साखर कारखाना उभा राहील एवढी जागा उरेल. साहेबांकडून मी हात घडवायला शिकलो. वसंता माझा पहिलीपासूनचा मित्र. त्याला खिळा धड ठोकता यायचा नाही, पण माणूस जोडावा तर त्यानंच. हात गेलेला गडी घराबाहेर पडत नाही, चारचौघांत जेवत नाही. वसंता त्याच्या घरी जायचा, ऊस-दुधाच्या गप्पा मारायचा, हाताचा विषयसुद्धा काढायचा नाही. ताटं वाढली की त्या गड्याला लागून बसायचा आणि स्वतःही डाव्या हातानं जेवायचा. घरातली म्हातारी कावली तर म्हणायचा, "आज्जे, घास तोंडातच जातोय न्हवं?" दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो गडी आपणहून विचारायचा, "तात्या, त्यो लाकडी हात मला बसंल का वो?" मग वसंता त्याला माझ्यापुढे आणून बसवायचा आणि मी मापं घ्यायचो. असं आम्ही सव्वीस वर्षं केलं. साहेब आमची ओळख 'माझा उजवा आणि डावा' अशी करून देत. उजवा कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

थकल्यावर साहेब मायदेशी परतले. दर नाताळात आम्हा दोघांना त्यांचं वेगवेगळं कार्ड यायचं. माझ्या कार्डावर ते पेन्सिलीनं एक हात काढायचे, मी त्यात खुसपट काढून उत्तर धाडायचो. हा आमचा खेळ होता आणि मला तो फार प्यारा होता.

नऊ वर्षांपूर्वी वसंता माझ्या दारात मोटारसायकल आडवी लावून ओरडला, "मधू, सरदार झालो रं मी!" साहेबांच्या देशानं त्याला आपला मानाचा क्रूस, म्हणजे छातीवर लावायचं पदक, जाहीर केला होता. त्यांच्याकडे त्या दर्जाला नाईट म्हणतात, पूर्वीचे घोडेस्वार शूरवीर असत तसा. मी विचारलं, "एकट्यालाच?" तो चपलेनं माती उकरत म्हणाला, "त्यांची मर्जी. आपुन काय सांगनार?" खोटं कशाला बोलू, टोचलं. पण त्याचं इंग्रजी भाषण मीच लिहून दिलं आणि आठ दिवस घोकूनही घेतलं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर वसंता आणि त्याच्या मागं एक पांढरा घोडा. त्या घोड्यावरून मी त्याची पुष्कळ चेष्टा केली.

क्रूस द्यायला त्या देशाचे मुंबईतले प्रतिनिधी आले. त्या दिवशी सकाळीच वसंता मला म्हणाला, "पाव्हण्यांना मासं लई आवडत्यात. भिगवणला जाऊन मरळ घिऊन ये. तुझ्यासारखा मासा कुनाला वळखता येत न्हाय." इस्त्रीचा सदरा घालून तयार झालेला मी तसाच भिगवणला गेलो. परत आलो तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या उचलत होते आणि क्रूस वसंताच्या जाकिटावर लागला होता. पाहुण्यांची ओळख तर सोडाच, मला बाहेर कुणी बोलावलंही नाही. मी स्वयंपाकघरात आचाऱ्याला मासे साफ करायला मदत करत राहिलो. गडबडीत राहून गेलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या वर्षी साहेबांचं कार्ड आलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. मी रुसलो. सरदाराला कार्ड जातं, मास्तराला कोण विचारतो, असं म्हणून मीही लिहिणं बंद केलं.

तर आता त्या क्रूसाचा एक नियम असा, की तो माणसाच्या हयातीपुरताच. माणूस गेला की वारसांनी तो सन्मानानं परत करायचा. तेराव्यानंतर वहिनींनी फाइल माझ्यापुढे ठेवली. "त्यांचं विंग्रजी तुमीच लिवायचा. आताबी तुमीच लिवा." फाइलीत सगळ्या पत्रांच्या प्रती माझ्याच हस्ताक्षरात होत्या. मध्येच तीन कागद मी कधी न पाहिलेले. पहिल्यात त्या देशानं कळवलं होतं, की पीटरसाहेबांनी दोघांची शिफारस केली आहे, दोघांचीही माहिती पाठवावी. दुसरं वसंतानं बाहेरून कुणाकडून तरी टाइप करून घेतलेलं उत्तर. त्यात लिहिलं होतं, 'माझे सहकारी मधुकर यांचे नुकतेच निधन झाले.' खाली त्याची इंग्रजी सही, मीच गिरवून घेतलेली. तिसऱ्यात माझ्या कुटुंबीयांसाठी त्या देशाच्या मनःपूर्वक संवेदना होत्या. माझ्या बायकोला त्या अजून कुणी पोचवलेल्या नाहीत.

"काय लिवलंय?" वहिनींनी विचारलं. "जुनं आहे," म्हणालो आणि उठून मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

आता मला त्या मरळीचा अर्थ लागला. मेलेल्या माणसाची पाहुण्यांशी ओळख कशी करून देणार? हलकटपणा होता हा, दुसरा शब्द मला सुचत नाही. क्रूसाचं मला एवढं दुःख नाही... पण साहेब? मी मेलो असं समजून त्या म्हातारबांनी नऊ वर्षं काढली आणि मी इकडे रुसून बसलो होतो! वसंतानं असं का केलं असेल, याचा मी खूप विचार केला. नवा हात घालून गडी गावात फिरला की लोक विचारायचे, "हात कुनी केला?" त्या गड्याला घराबाहेर कुणी काढला, हे कुणी विचारायचं नाही. ते त्याला सलत असणार. हे मला समजतं. समजलं म्हणून माफ करता येतं, असं मात्र नाही.

क्रूस कुठे पाठवायचा, एवढंच विचारणारं पत्र मी लिहिलं. वहिनींनी सही केली, लिहिणारा म्हणून खाली मी माझं नाव घातलं. ईमेलनं धाडलेल्या त्या पत्राला चार दिवसांत उत्तर आलं. पत्ता होता, वसंताबद्दल चार चांगली वाक्यं होती, आणि शेवटी विचारलं होतं, 'आपलं नाव दिवंगत श्री. मधुकर यांचंच दिसतं. आपण त्यांचे चिरंजीव का? पीटरसाहेब नव्वदीत आहेत, त्यांना आपल्याविषयी ऐकून फार बरं वाटेल.'

मग मात्र मी वहिनींना सगळं वाचून दाखवलं. खरं लिहायचं तर वसंता साहेबांपुढे खोटा पडणार, आणि त्याची बायको समोर बसलेली. त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "म्हातारा जिता हाय?"

"आहे."

"मग माझ्याकडं काय बघताय? लिवा. पेपरातबी लिवा. म्या काय सांगनार त्यांच्या बाजूनं?"

तिथंच बसून लिहिलं. एकाच पत्रात साहेबांना दोन गोष्टी कळवायच्या होत्या, मी जिवंत आहे आणि वसंता गेला. मी जिवंत आहे, हे आधी लिहिलं.

वहिनींनी जाकिटावरचा क्रूस काढून डबीत घातला. खिशाच्या वर पिनेची दोन भोकं राहिली. "जाकीट न्या तुमी," त्या म्हणाल्या, "अंगाला हुईल तुमच्या. त्यांची आठवन." मी म्हटलं, "आत्ता नको, वहिनी."

त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. जाकीट पुढच्या खोलीत खुंटीला आहे. पणदऱ्याला गेलो की वहिनी चहा ठेवतात आणि मी खुंटीकडे पाठ करून बसतो.